परतीची वाट आधी ठरवा: लहान मुलांना घेऊन रानवाटेवर जाताना

लहान मूल दमणार आहे हे आधी कळत नाही. मोठ्या माणसाचा थकवा हळूहळू चढतो, त्याला तो जाणवतो, तो पावलं आवरतो. साडेतीन वर्षांचं मूल मात्र उड्या मारत पळत असतं आणि पुढच्याच मिनिटाला वाटेत मटकन बसतं. "उचल."

माझी थोरली त्या वयाची असताना आम्ही तिला पहिल्यांदा गावाबाहेरच्या पायवाटेवर घेऊन गेलो. जाताना ती दोन किलोमीटर एकदाही न कुरकुरता चालली. आम्ही इतके खूश झालो की "त्या टेकाडापलीकडे काय आहे ते बघून येऊ" म्हणत आणखी पुढे गेलो. परतीला तिने पहिल्या शंभर पावलांतच हात वर केले. मग चौदा किलोचं मूल आळीपाळीने कडेवर घेऊन, संपलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि मावळतीला लागलेलं ऊन सोबत घेऊन आम्ही कसेबसे परतलो. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या पायांत जेवढा जोर होता तेवढा तिने जाताना मनापासून वापरला. परतीचा हिशोब ठेवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: जाण्याची मजा मुलांची, परतीची काळजी मोठ्यांची. वाट, वेळ, पिशवी, कपडे, सगळं परतीच्या बाजूने ठरवायचं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी पुढचं सगळं त्याच धाग्यावर लिहिते आहे.

आधी अंतराचा हिशोब

मोठ्यांच्या चालण्याचा अंदाज बांधायला एक जुना आडाखा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. सपाटीला साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ३ किलोमीटरची वाट आणि तीत ६० मीटरचा चढ असेल, तर धडधाकट माणसाला पाऊण तास पुरे.

तीच वाट चार वर्षांच्या मुलासोबत दोन ते अडीच तासांची धरा. मूल हळू चालतं हे एक कारण. खरं कारण म्हणजे ते सरळ चालतच नाही. दहा पावलं पुढे, चार मागे, दगड उचलायला बाजूला, मग "हे काय आहे?" आमच्या धाकट्याने एकदा मुंग्यांच्या रांगेपाशी पंचवीस मिनिटं काढली. रांगेत सात-आठ मुंग्या मिळून एका चतुराचा पंख नेत होत्या. पंख उभा राहायचा, वाऱ्याने शिडासारखा फिरायचा, मुंग्या त्याच्यासकट कलंडायच्या आणि पुन्हा धरायच्या. तो पोटावर झोपून बघत होता. त्या दिवशी आम्ही अर्धा किलोमीटरही गेलो नाही, आणि आजही तो त्या दिवसाला "मुंग्यांची सहल" म्हणतो.

माझ्या अनुभवातला अंदाज असा: दोन-तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी जाऊन-येऊन एक किलोमीटर, चार वर्षांचं दोन, पाच-सहा वर्षांचं तीन ते चार. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना याच्याही निम्मं अंतर ठरवा. लवकर परतलेलं मूल पुढच्या वेळी स्वतःहून बूट घेऊन दारात उभं राहतं. ओढत आणलेल्या मुलाला पुन्हा बाहेर काढायला महिने लागतात.

वाट निवडताना

नवख्यांना वर्तुळाकार वाट आवडते, कारण तीच जागा दोनदा बघावी लागत नाही. लहान मुलांसाठी मी जाऊन-येऊनची वाट पसंत करते. वर्तुळाकार वाटेवर अर्ध्यात मूल थकलं तर पुढे जा किंवा मागे या, अंतर तेवढंच. जाऊन-येऊनच्या वाटेवर कुठल्याही क्षणी वळता येतं, आणि येताना मुलाला ओळखीच्या खुणा भेटतात. "आता तो वाकडा दगड येणार" हे त्याला स्वतःला माहीत असतं. थकलेल्या मुलाला ओळखीच्या वाटेचा फार आधार असतो.

चढाचीही दिशा बघा. शक्य असेल तर जाताना चढ आणि येताना उतार असू दे. सुरुवातच उताराने होणारी वाट फसवी असते. मूल धावत खाली जातं आणि सगळा चढ थकलेल्या पायांना उरतो.

नकाशा वाचायची सवय नसेल तर दोन गोष्टी पुरतात. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा जिथे दाटीवाटीने असतात तिथे चढ खडा असतो, विरळ असतात तिथे सौम्य. मोबाइलवरचा नकाशा घरूनच उतरवून ठेवा, रानात नेटवर्क जातंच.

वाटेवर मुलाला मन गुंतवायला दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी हवं. ओढ्यावरचा साकव, मोठं झाड, बसायला खडक, गुरांचं कुंपण. मोठ्यांना भावणारं दूरवरचं दृश्य चार वर्षांच्या मुलाला दाखवून काही उपयोग नाही. त्याचं जग हाताच्या अंतरावर असतं. कड्याची, खोल विहिरीची, भरधाव रस्त्यालगतची वाट मात्र कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. तिथे सगळा वेळ मुलाचा हात घट्ट धरण्यात आणि ओरडण्यात जातो.

जमलं तर मोठ्यांपैकी एकाने ती वाट आधी एकट्याने चालून यावी. पाण्याची डबकी, तुटलेली फळी, भुंकणारी कुत्री, सावली कुठे आहे, हे सगळं कळतं.

पायी, पाठीवर की बाबागाडीत

बाबागाडी फक्त कठीण, सपाट वाटेवर चालते. एक दगडांचा पट्टा किंवा एक पायरी असलेलं कुंपण आलं की ती उचलून न्यावी लागते. खात्री नसेल तर नेऊ नका.

तान्ह्या बाळाला अंगाला बांधायच्या कापडी झोळीत किंवा मऊ कॅरियरमध्ये घ्यावं. त्यात बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे, मान थोडी वाकवली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे, आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी. हनुवटी आणि छाती यांत निदान एका बोटाची फट हवीच, नाहीतर श्वास कोंडतो. पाठीवरचा सांगाड्याचा कॅरियर मूल आधाराशिवाय नीट बसायला लागल्यावरच, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर.

एक चूक पुष्कळ जण करतात. चढताना आपल्याला उकडत असतं, म्हणून पाठीवरच्या मुलालाही उकडत असेल असं आपण धरून चालतो. ते तर नुसतं बसलेलं असतं. लटकत्या पायांना वारा लागतो आणि ते गारठतात. थंडीच्या दिवसांत पाठीवरच्या मुलाला आपल्यापेक्षा एक थर जास्त घाला आणि पोटऱ्या झाका. तपासताना हाताच्या बोटांवर जाऊ नका, ती गारच असतात. मानेमागे कपड्यात हात घालून बघा. तिथे ऊब असली की मूल ठीक आहे. उन्हाळ्यात याच्या उलट: त्याच्या अंगाला आपली पाठ चिकटलेली असते, वर हवा खेळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने सावलीत खाली काढून मोकळं करा.

चालू लागलेल्या मुलासोबतही चारेक वर्षांपर्यंत उचलून घेण्याची सोय हवी. कडेवर मूल, एका हातात पिशवी आणि खाली निसरडी वाट हे धोक्याचं आहे. गुंडाळून पिशवीत मावणारा साधा कापडी कॅरियरही परतीला फार कामाचा.

वेळ

मुलाच्या पोटाची आणि झोपेची वेळ तुम्हाला पाठ असते. तिच्याभोवती बेत आखा. सकाळी पोटभर खाऊन झाल्यावर लगेच निघणं सगळ्यात चांगलं. दुपारी झोपणारं मूल असेल तर त्या झोपेच्या तासभर आधी तुम्ही परत आलेले असायला हवेत.

निघतानाच परतीची वेळ ठरवा आणि मोठ्याने बोला: "साडेनऊला आपण जिथे असू तिथून मागे फिरायचं." हाताशी असलेल्या वेळाचे तीन भाग करा. एक भाग जायला, दोन भाग यायला. मग ओढा पन्नास पावलांवर दिसत असला तरी वळायचं. पहिल्या वेळी जड जातं. पण ओढ्यापर्यंत जायचा हट्ट मुलाचा क्वचितच असतो, तो आपला असतो.

संध्याकाळी असाल तर उजेड किती उरला ते हाताने मोजता येतं. हात समोर लांब करा आणि सूर्याचा खालचा काठ ते क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं धरून मोजा. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे तास. मुलांनाही हे शिकवा. त्यांचा हात आखूड आणि बोटं बारीक असली तरी प्रमाण साधारण तेच राहतं, म्हणून त्यांचंही उत्तर जवळपास येतं. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही एवढं मात्र आधी सांगा.

कुठे जातोय आणि केव्हापर्यंत परतू, हे घरी किंवा शेजारी एका माणसाला सांगून निघा.

पिशवीत काय

पाणी सगळ्यात आधी. दोन तासांच्या फेरीला दर मुलामागे मी निदान अर्धा लिटर घेते, उन्हात दुप्पट. तहान लागली हे मुलं खेळाच्या नादात सांगत नाहीत, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्यायचे. एक बाटली "परतीची" म्हणून वेगळी ठेवते. वळेपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही.

खाऊ घरात रोज आवडीने खातात तोच, छोट्या छोट्या डब्यांत. एकच मोठा डबा उघडला की पहिल्याच थांब्यावर संपतो. चालताना, पळताना काही खायचं नाही, बसूनच. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या रानात अजिबात देऊ नका. घशात अडकलं तर मदत लांब असते.

बाकी: मुलाचा एक पूर्ण कपड्यांचा जोड आणि दोन जोड मोजे, एका पिशवीत बंद. पातळ पावसाळी कोट. टोपी. ओले रुमाल, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. पट्ट्या, चिकटपट्टी, जखम धुवायला स्वच्छ पाणी, बारीक टोकाचा चिमटा, ओआरएसची पुडी, मुलाचं नेहमीचं औषध. प्रत्येक मुलाच्या गळ्यात किंवा कपड्याला शिट्टी. चार्ज केलेला फोन आणि छोटी विजेरी, सकाळी निघालात तरी.

मुलाला स्वतःची चिमुकली पाठपिशवी द्या. तिच्यात त्याचा रुमाल, त्याचा खाऊचा डबा आणि घरी न्यायच्या दगडांसाठी मोकळी जागा. परतीला ती तुमच्याकडे येणार हे गृहीत धरा.

पायात आणि अंगावर

नवे बूट घालून पहिल्यांदा रानात नेऊ नका. आठवडाभर घरात, अंगणात वापरून मग. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून नखं दुखतात. तळ खाचांचा असावा. चपला आणि उघड्या सँडल यांत खडे शिरतात आणि दर दहा पावलांनी थांबावं लागतं.

"इथे गरम लागतंय" किंवा "बूट टोचतोय" असं मूल म्हणालं की त्याच क्षणी थांबा, बूट-मोजे काढा, लाल झालेल्या जागी चिकटपट्टी लावा. फोड यायच्या आधीची ती पाच मिनिटं असतात. "पुढे जाऊन बघू" म्हटलं की फोड येतो, आणि मग परतीचं प्रत्येक पाऊल रडत.

कपडे पातळ थरांत. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही आणि गार वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून थंडीत सर्वांत आतला थर लोकरी किंवा लवकर वाळणारा घाला. गवतातून जायचं असेल तर लांब बाह्या, लांब पँट, आणि पँटची टोकं मोज्यांत खोचलेली. रंग भडक असावा: हिरव्या-तपकिरी रानात लाल किंवा केशरी शर्ट दुरून सापडतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हापासून वाचवण्याचा मुख्य मार्ग सावली आणि कपडे हाच. त्यापुढच्या मुलांना उघड्या अंगावर सनस्क्रीन लावून दर दोन तासांनी पुन्हा लावा.

वाटेवर

पहिला तास मुलाच्या मागे चाला. ते जिथे थांबेल तिथे थांबा. दोन मोठी माणसं असतील तर एक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे, मुलं मधे. पळायची हौस असलेल्या मुलाला नजरेच्या टप्प्यातली खूण द्या: "त्या पांढऱ्या दगडाला हात लाव आणि आमची वाट बघ." वळणापलीकडची खूण कधीही देऊ नका. दिसतं तेवढंच पळायचं, हा नियम मुलांना लगेच समजतो.

काठी मिळाली की हातातून सुटत नाही, ती काढूनही घेऊ नका. टोक जमिनीकडे आणि काठी हातात असताना पळायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

उताराला जपा. मुलं चढताना फारशी पडत नाहीत, उतरताना मुरुमावरून घसरतात. तिथे मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं. आणि एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगते: दगड ओलांडताना मुलाला एका हाताने, मनगट धरून वर ओढू नका, दोघांनी दोन हात धरून झोकेही देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या कोपरातलं हाड अशा हिसक्याने जागेवरून सरकतं. मूल हात अंगाजवळ धरून बसतं आणि वापरत नाही. डॉक्टर ते क्षणात जागेवर बसवतात, पण तिथवर पोचेपर्यंत मुलाचे हाल होतात. उचलायचं तर काखेत दोन्ही हात घालून.

खेळ फार लागत नाहीत. कंटाळा आला असं वाटलं तर आमचा नेहमीचा एकच: सगळ्यांनी डोळे मिटून मुठी आवळायच्या, नवा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. दहा बोटं उघडेपर्यंत शांतता. पहिले तीन आवाज सगळ्यांना येतात, मग पानांचा, मग लांबच्या गुराच्या घंटेचा, मग कुणाच्या तरी पोटातला.

फळं, शेंगा, अळंबी काहीही तोंडात घालायचं नाही, कितीही ओळखीचं वाटलं तरी मोठ्यांना दाखवल्याशिवाय नाही. हा नियम घरातून निघतानाच सांगा, तिथे जाऊन नाही. शेताची फाटकं जशी होती तशीच ठेवा: उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. पिकातून चालायचं नाही, बांधावरून एकामागे एक.

थकवा आला की

"पाय दुखतात" याचे बहुतेक वेळा तीन अर्थ असतात: भूक लागली, कंटाळा आला, किंवा खरंच पाय दुखतात. याच क्रमाने तपासा. आधी बसवून पाणी आणि खाऊ द्या आणि दहा मिनिटं थांबा. निम्म्या वेळा मूल स्वतःच उठून चालू लागतं. मग एखादी गोष्ट सुरू करा, किंवा त्याला "वाटाड्या" करा. तेही झालं नाही तर उचला. भाषण न देता उचला.

मुलाशी खोटं बोलू नका. "आता आलंच" हे रानवाटेवर सर्वांत जास्त बोललं जाणारं खोटं आहे. दोनदा ऐकल्यावर मूल तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि "थांब, पुढे जाऊ नकोस" या शब्दावरही नाही. त्याऐवजी दिसणारी गोष्ट सांगा. "त्या तिरक्या झाडापर्यंत चालू, तिथे पाणी पिऊ, मग पुढचं झाड निवडू." निवड त्याला करू द्या.

उन्हात मूल अचानक चिडचिडं झालं, चेहरा लाल झाला, गरगरतं म्हणालं, मळमळलं, तर तो हट्ट समजू नका. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. ते गुंगलं, असंबद्ध बोलू लागलं, उलट्या थांबत नसतील, तर ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत अंग गार करत राहा.

पाणी, प्राणी, वीज

ओढा, तळं, डबकं दिसलं की एका मोठ्या माणसाने "पाण्याचा पहारा" घ्यायचा. फोन नाही, फोटो नाही, डबा उघडणं नाही, फक्त मुलावर नजर. बुडायला खोल पाणी लागत नाही, लहान मूल पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना बहुधा ओरडत नाही. पहारा बदलताना तोंडाने सांगा: "आता तू."

गुरं चरत असतील तर लांबून वळसा घ्या. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून कधीच नाही. मुलाचा हात धरून शांत चाला, पळू नका. कुत्रं अंगावर आलं तर मुलाने झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. हे घरी खेळ म्हणून शिकवा. कुत्र्याने चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, जखम कितीही छोटी असो.

मधमाश्यांचं पोळं दिसलं की आवाज न करता मागे. माश्या मागे लागल्याच तर हात झाडत बसू नका, मुलाचा चेहरा झाकून सरळ लांब पळा. डंखाचा काटा लगेच काढून टाका. ओठ, चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर ती तातडीची वेळ आहे.

वीज चमकली की सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. माळ आणि टेकाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही.

हरवलं तर

यावर आधी बोला, शांतपणे, घरी. १९८१ साली कॅलिफोर्नियाच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि वाचला नाही. त्याच्या शोधात असलेल्या लोकांनी मग मुलांना शिकवायला एक साधा कार्यक्रम सुरू केला, त्याचा गाभा असा: हरवलास असं कळलं की जवळचं झाड मिठीत घे आणि तिथेच राहा. शोधणाऱ्यांना चालतं मूल सापडणं फार अवघड, थांबलेलं लवकर सापडतं. झाडापाशी थांबलं की मुलाचं मनही थोडं थाऱ्यावर येतं.

आम्ही मुलांना तीनच वाक्यं पाठ करवली आहेत. झाडाला धर. शिट्टी वाजव. कुणीही रागावणार नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ओरडा बसेल या भीतीने मुलं हाका ऐकूनही लपून राहतात. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना डोंगरातली संकटाची खूणही शिकवता येते: मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक पूर्ण फोटो काढा आणि बुटांच्या तळव्यांचाही. गरज पडली तर काय घातलं होतं ते घाबरलेल्या मनाला आठवावं लागत नाही आणि मातीतला ठसा ओळखता येतो.

मूल दिसेनासं झालं तर एकाने शेवटच्या जागीच थांबायचं, दुसऱ्याने शोधायचं, आणि पाण्याच्या दिशेला सर्वांत आधी. लगेच सापडलं नाही तर मदतीचा फोन लवकर करा. उगाच बोलावलं असं होईल म्हणून थांबू नका.

शी-शू

निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकदा. तरी लागतेच. पाण्यापासून आणि वाटेपासून निदान साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. डायपर आणि ओले रुमाल मात्र पुरायचे नाहीत, ते पिशवीत बंद करून परत आणायचे. मूल आडोशाला जाईल तेव्हा मोठं माणूस सोबत असायलाच हवं, रानात मुलं हरवण्याची ही नेहमीची वेळ आहे.

घरी आल्यावर

गाडीतून आला असाल आणि मूल झोपलं असेल तर त्याला "पाच मिनिटं" म्हणूनही बंद गाडीत ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं.

गवतातून आला असाल तर कपडे काढून अंग तपासा: केसांची कड, कानामागे, काख, बेंबी, कमरेची रेघ, गुडघ्याची खळी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरा आणि न पिरगळता सरळ, सावकाश वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको. नंतर जागा धुवा, तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चकंदळ आलं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

मग पिशवी लगेच रिकामी करून लगेच भरा. वापरलेल्या पट्ट्या, मोजे, ओआरएसची पुडी त्याच दिवशी परत जागेवर गेली की पुढच्या वेळी निघायला दहा मिनिटं पुरतात. कपडे धुवायला टाकण्याआधी मुलाचे खिसे उलटे करा. आमच्याकडे आजवर निघालेल्या वस्तूंत दगड सर्वांत जास्त, मग बिया, मग एकदा गोगलगाईचा रिकामा शंख. खिडकीत एक बशी ठेवली आहे, ते सगळं तिच्यात जातं. आठवड्याने मुलं स्वतःच ठरवतात काय ठेवायचं आणि काय पुढच्या फेरीला रानात परत न्यायचं.